बॉल पायथनचे पिल्लू हात पाहताच फूत्कारते. हाताळणीची सवय कशी लावावी?

दांडियाबाजारकर (वडोदरा)
दीड महिन्यापूर्वी आमच्याकडे बॉल पायथनचे (घाबरला की अंगाचा चेंडू करणाऱ्या बिनविषारी आफ्रिकी अजगराचे) सुमारे चार महिन्यांचे पिल्लू आले. वजन 140 ग्रॅम आहे आणि विदेशी प्राणी पाळण्यासाठीची परिवेश या सरकारी पोर्टलवरील नोंदणी रीतसर झालेली आहे. पेटीचे झाकण उघडून हात आत घातला की ते मान आकड्यासारखी मागे ओढते, फूत्कारते, आणि आतापर्यंत तीनदा हातावर झेपावलेही आहे. त्यांपैकी एकदा दात लागले. टाचणी टोचल्यासारखे चार-पाच लाल ठिपके उमटले, इतकेच. फूत्कार ऐकू आला की मी लगेच झाकण लावतो. आईचे म्हणणे असे की, विश्वामित्री नदीतल्या मगरी कमी पडल्या म्हणून तू हे घरात आणलेस का? जाड हातमोजे घालून रोज पकडले तर सवय होईल, की मोठे होईपर्यंत थांबावे?

कातकरी_नव्हे_कातवाला
थांबल्याने काही होणार नाही, आणि हातमोजेही नकोत, कारण जाड चामड्यातून आपण किती दाबतो आहोत हे आपल्यालाच कळत नाही. पिल्लू रागावलेले नसून घाबरलेले आहे. पश्चिम आफ्रिकेत हा साप उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या जुन्या वारुळांत दडून राहतो, आणि वरून येणारी गोष्ट म्हणजे बहुधा त्याला खाणारा पक्षी. तुमचा हात नेमका वरूनच येतो. शिवाय त्याच्या ओठांवरील खाचांना उष्णता जाणवते, त्यामुळे अचानक आलेला गरम पंजा एकतर शत्रू असतो, नाहीतर खाऊ. म्हणून उंदीर हाताळल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय पेटीत घालू नयेत.

हात बाजूने, सावकाश न्यावा. आधी गुंडाळलेल्या कागदाने अंगाच्या मधल्या भागाला हलकेच स्पर्श करावा, म्हणजे ही जेवणाची वेळ नव्हे हे त्याला हळूहळू समजते. मग डोके टाळून मधूनच, दोन्ही हातांचा आधार देत, न अडखळता उचलावे. अर्ध्यावर हात मागे घेणे सर्वांत वाईट. फूत्कारताच झाकण लावून तुम्ही त्याला दीड महिना हेच शिकवत आहात की फूत्कारले की संकट टळते. पाच मिनिटे धरावे, अंग सैल पडून जीभ संथपणे आत-बाहेर होऊ लागली की मगच ठेवावे. चावून धरलेच तर हात ओढू नये, दात मागे वळलेले असतात.

मांजलपूरची_मावशी
वरील सर्व मान्य आहे, पण क्रम माझ्या मते चुकतो. ते नीट खाते का, हे कोणी विचारलेच नाही. लागोपाठ तीन-चार वेळा न चुकता खाल्ल्याशिवाय मी पिल्लाला हात लावत नाही, आणि खाल्ल्यानंतर 48 तास तर मुळीच नाही, अन्यथा ते उलटी करते. डोळे दुधाळ निळसर झाले असतील तर कात टाकेपर्यंत थांबावे. त्या दिवसांत त्याला नीट दिसत नाही आणि शांत सापही झेपावतो. हाताळणी रोज नको, आठवड्यातून तीनदा पुरे. पेटी कुठे ठेवली आहे? लपायला जागा किती आहेत? सध्याच्या पौषातल्या थंडीत उबदार बाजूला 31-32 अंश आणि थंड बाजूला 26 अंश मिळते का, हे थर्मामीटर आत ठेवून पाहावे. हीट मॅटला (पेटीला ऊब देणाऱ्या विजेच्या चटईला) तापमान आवरणारा थर्मोस्टॅट नसेल तर तो आजच लावावा.

दांडियाबाजारकर (वडोदरा)
मावशी, आपल्या प्रश्नांनी मला माझीच चूक दिसली. खाणे दर सात दिवसांनी, सुमारे 15 ग्रॅमचे उंदराचे पिल्लू, व्यवस्थित चालू आहे. पण पेटी फ्रीजला लागूनच्या फळीवर होती आणि कॉम्प्रेसर सुरू झाला की फळी थरथरत असे. सापाला बाहेरचे कान नसले तरी जमिनीतली थरथर जबड्यातून कळते, हे वाचले होते, तरीही फ्रीजशी त्याचा संबंध जोडला नाही. लपायला जागाही एकच, तीही उबदार बाजूला. पेटी मागच्या खोलीत हलवली, थंड बाजूला पालथी कुंडी ठेवली आणि दहा दिवस हात लावला नाही.

दांडियाबाजारकर (वडोदरा)
तीन आठवड्यांनंतर: आतापर्यंत सात वेळा उचलले. पहिल्या दोन वेळा फूत्कारले, मी हात मागे घेतला नाही. परवा प्रथमच चेंडू न होता ते मनगटावरून शर्टाच्या बाहीत शिरले, आणि ते बाहेर काढायला मला वीस मिनिटे लागली. आई दारात उभी राहून पाहत होती. आत मात्र आली नाही.