पोर्तुगालचा पासपोर्ट आणि तिथले राहणे
पासपोर्ट भक्कम, म्हणजे व्हिसाशिवाय पुष्कळ देशांत जाऊ देणारा, असला की त्या देशात राहणेही सुखाचे, असे काहीजण म्हणतात; पोर्तुगालच्या बाबतीत मला हे पटत नाही. २०१२ पासून गोल्डन व्हिसासाठी (गुंतवणुकीच्या बदल्यात मिळणाऱ्या निवास परवान्यासाठी) परकीयांनी तिथल्या घरांत पैसा ओतला, पर्यटनही वाढले, आणि २०२३ मध्ये या व्हिसासाठीचा घरखरेदीचा मार्ग बंद झाला तोवर राजधानी लिस्बनमधली भाडी स्थानिकांच्या आवाक्याबाहेर गेली होती. २०२५ मध्ये किमान मासिक वेतन ८७० युरो असताना तिथे एका बेडरूमच्या घराचे भाडे सहसा त्याहून जास्तच पडत होते. गोवेकरांनी तर हे केव्हाच ओळखले होते: पोर्तुगालचे नागरिकत्व घेतलेले पुष्कळजण ब्रेक्झिटपूर्वी, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडण्यापूर्वी, लिस्बनला न थांबता थेट इंग्लंडमधले स्विंडन गाठत. भारतात दुहेरी नागरिकत्व नसल्याने आपला पासपोर्ट सोडावा लागतो, आणि नंतर ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो त्या कार्डावर) गावाकडे शेतजमीन विकत घेता येत नाही, हेही कुटुंबाने आधीच बोलून घ्यावे.