हीटरखालून काढलेल्या बेसनाचा प्लेट काउंट (जिवंत जंतूंची मोजणी) उतरत नाही

प्रश्न (जळगाव):
राम राम मंडळी. प्रोटीन मिक्ससाठी हरभरा डाळीचं पीठ आणि तेल काढलेलं सोया पीठ. पट्ट्यावर १२ मिमी थर, वर जंतू मारायला सिरॅमिक इन्फ्रारेड हीटर. तापमान मोजायच्या इन्फ्रारेड गनवर ११० अंश दिसतात. वरचा थर तांबूस होतो, भाजल्याचा वास सुटतो, पण टोटल प्लेट काउंट जवळपास तोच. हीटर वाढवावेत का?

उत्तर (भुसावळ):
वाढवू नका, थर कमी करा. इन्फ्रारेड पिठात जेमतेम वरवरच शिरतं. खालच्या पिठाला उष्णता वरच्या पिठातून झिरपत मिळते आणि कणांमधली हवा तिला अडवते. ३-४ मिमी थर, तोही व्हायब्रेटर ट्रेवर, म्हणजे कण उलटेपालटे होत राहतील. गनचा आकडाही फसवा: ती फक्त वरचा पापुद्रा बघते, शिवाय हीटरची झळ परावर्तित होऊन तिच्यात मिसळते. पट्ट्याच्या टोकाला बादलीभर पीठ धरा आणि मधोमध थर्मोकपल (तापमान मोजायची तार) खुपसा. खरं तापमान ते.

उत्तर (धुळे):
खरी गोम ओलाव्याची आहे. दूध ७२ अंशाला १५ सेकंदांत पाश्चराइज होतं. कोरड्या पिठात साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) ८० अंशालाही कित्येक मिनिटं तग धरतो. म्हणून हीटरनंतर पीठ झाकलेल्या, उबदार स्क्रू कन्व्हेयरमध्ये धरून ठेवा. उघड्यावर वाळलं की जंतू आणखी चिवट. त्यापेक्षा आधी डाळच घ्या: हलकं पाणी मारा, मुरू द्या, तापवा, धरा, गार करून मग दळा. अख्ख्या डाळीवर जंतू बहुतेक वरच असतात, तिथे इन्फ्रारेड चालतं. मात्र चक्की-चाळणीत जुनं पीठ अडकलेलं असेल तर सगळं मुसळ केरात.

जळगाव: सोयालाही हेच?

भुसावळ:
सोया नाजूक, भाऊ. जास्त तापलं की प्रोटीन विरघळत नाही, प्रोटीन शेकच्या तळाशी गाळ बसतो. तांबूस रंग आला म्हणजे लायसिन (प्रोटीनमधलं गरजेचं अमिनो आम्ल) चाललंच. आणि बॅसिलस जंतूंचे बीजाणू (त्यांचं चिवट, सुप्त रूप) या तापमानाला मरत नाहीत, त्यामुळे काउंट शून्य होणार नाही. पिशवीवर ‘निर्जंतुक’ छापू नका.

उत्तर (चोपडा):
धुळीचं कुणी बोललंच नाही! हीटरवर बसलेलं पीठ धुमसतं, हवेत उडालेलं स्फोटासारखं पेटतं. सक्शन लावा, सांगाड्याला अर्थिंग द्या, पट्टा थांबला की हीटर आपोआप बंद झाले पाहिजेत. पोतं गरम असताना शिवलं तर आतून घाम सुटतो, गोळे होतात, मग बुरशी. पावसाळ्यात गार करायची हवाही कोरडी करून, फिल्टरमधूनच घ्या.