शब्दचर्चा: ‘मर’, ‘उबळणे’ आणि ‘मूळकूज’

रब्बी:
हरभऱ्यावरच्या एका लेखाचं मुद्रितशोधन करतेय. लेखकाने आधी ‘मर’ लिहिलंय, पुढच्याच परिच्छेदात ‘मूळकूज’. आमचे आजोबा ‘हरभरा उबळला’ म्हणायचे. तिन्ही एकच का? आणि ‘मर लागला’ की ‘लागली’?

बांधावरून:
झाड उपटून बघा, शब्द आपोआप सुटे होतील. कोरड्या मूळकुजीत तंतुमुळं जमिनीतच राहतात आणि सोटमूळ काडीसारखं कडकन मोडतं. ‘मर’मध्ये मूळ वरून धडधाकट दिसतं; उभं चिरलं की आत काळपट तपकिरी रेघ. फ्युजारियम बुरशी जलवाहिन्यांत शिरल्याची ती खूण. तेव्हा लेखकाला विचारा, नक्की कोणता रोग म्हणायचाय.

उबळणे म्हणजे बोलीतली मरच, तुरीलाही तेच म्हणतात. क्रियापद झकास आहे. नाम म्हणून ‘उबळ’ लिहाल तर वाचकाला खोकला आठवेल.

‘मर’ स्त्रीलिंगी, म्हणून ‘मर लागली’. सामान्यरूपाशी अडखळायला होतं, त्यामुळे ‘मर रोगात’ लिहून सुटावं. आणि हो, कपाशीची ‘आकस्मिक मर’ या कुळातली नव्हे. लांब उघडिपीनंतर जोराचा पाऊस पडला की झाडं माना टाकतात. तिथे बुरशीचा संबंध नाही.

रब्बी:
आभार. आता खरा पेच. लेखातलं वाक्य: ‘बुरशीमुळे जलवाहिन्या तुंबतात व झाड सुकते.’ ‘तुंबतात’ बरोबर आहे?

सोटमूळ:
अर्धंच. बुरशीचे तंतू असतातच, पण झाडही स्वतःच्या वाहिन्या बुजवतं. शेजारच्या पेशी वाहिनीत फुग्यासारख्या वाढतात (त्यांना टायलोस म्हणतात), डिंकासारखा द्रवही सोडतात. बीजाणू वर चढू नयेत म्हणून घातलेला हा बांध. प्रतिकारक वाणात तो लवकर आणि खालीच पडतो. बळी पडणाऱ्या वाणात उशीर होतो. बुरशी पुढे निघून गेलेली, बांध मागाहून जागोजागी. मग जमिनीत ओल असूनही झाड तहानेने मरतं.

हरभऱ्याकडे रासायनिक हत्यारंही आहेत, मेडिकार्पिन आणि माकियाइन. अशा द्रव्यांना फायटोअ‍ॅलेक्सिन म्हणतात. ग्रीकमध्ये ‘फायटॉन’ म्हणजे वनस्पती, ‘अलेक्सेइन’ म्हणजे परतवून लावणे. अलेक्झांडरमध्येही तेच क्रियापद आहे, म्हणजे आपल्या सिकंदरातही! प्रतिशब्द शोधत बसू नका, तोच ठेवा.

बांधावरून:
जाता जाता: राहुरी कृषी विद्यापीठाच्या ‘विजय’सारख्या हरभऱ्याच्या वाणाला ‘मर प्रतिकारक’ म्हणा, ‘मरमुक्त’ नको. ‘प्रतिबंधक’ हे पेरणीआधी बियाण्याला चोळायच्या ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीला शोभतं. प्रतिकार झाड करतं, प्रतिबंध आपण.

रब्बी:
मग वाक्य असं केलंय: ‘बुरशी जलवाहिन्यांत शिरते, तिला अडवायला झाड त्या बुजवते आणि उशीर झाला तर स्वतःच सुकते.’

सोटमूळ:
‘बुजवते’ ठेवाच. ‘तुंबतात’मध्ये झाड गायब होतं.