पर्वतीवरून टिपलेले शहर खेळण्यासारखे का दिसत नाही?

धागाकर्ता: पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून सकाळी खालच्या वस्तीची काही छायाचित्रे काढली. खरे शहर खेळण्यातल्या गावासारखे भासावे एवढाच हेतू होता. मात्र फुल फ्रेम कॅमेऱ्यावरची ५० मिमीची लेन्स एफ १.८ पर्यंत उघडूनही (छिद्र जितके मोठे, तितके पुढचे-मागचे धूसर) पायथ्याच्या गच्च्यांपासून क्षितिजापर्यंत सारे लख्ख आले. मोबाइलवरच्या अ‍ॅपने वर-खाली धूसर पट्टे दिले, तर लेन्सला तेलकट बोट लागल्यासारखे दिसू लागले. टिल्ट-शिफ्ट लेन्स (जिचे भिंग कलते करता आणि बाजूला सरकवता येते) घेणे परवडणारे नाही. नेमके काय चुकत असावे?

भिंगधारी: दोष लेन्सचा नाही, अंतराचा आहे. याच लेन्सने टेबलावरची प्रतिकृती एक मीटरवरून टिपली, तर एफ १.८ ला जेमतेम ४ सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. तीच सुमारे ४६ मीटरवर फोकस केली, की २३ मीटरपासून अनंतापर्यंत सारे स्पष्ट येते. पुढचे-मागचे धूसर दिसले, की वस्तू हाताच्या अंतरावर आहे आणि म्हणून लहान आहे, असे आपला मेंदू ठरवून मोकळा होतो. भिंग कलते केले की स्पष्टतेचे प्रतलही (ज्या पातळीवरचे सारे स्पष्ट येते ती) कलते, हे तत्त्व ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या ऑस्ट्रियन लष्करी अधिकारी थिओडोर शाइम्पफ्लुग यांनी ते १९०४ च्या पेटंटात मांडले. गंमत अशी, की त्यांना हवाई छायाचित्रांतली विकृती दूर करायची होती. निसर्गचित्रे काढणारे भिंग जमिनीकडे झुकवून सारे स्पष्ट करतात. आपण ते उलट, वर झुकवायचे, म्हणजे प्रतल जमिनीला छेदून जाते आणि अरुंद पट्टाच स्पष्ट उरतो. नावातल्या शिफ्टचा येथे संबंध नाही.

सावली: वरील स्पष्टीकरण योग्यच आहे, तरीही लेन्स नाही याची खंत करू नये, असे माझे मत आहे. खऱ्या प्रतिकृतीतले देवळाचे शिखर पायापासून कळसापर्यंत एकाच अंतरावर असल्याने सबंध स्पष्ट दिसते. अ‍ॅपचा आडवा पट्टा मात्र त्याचा कळस धूसर करतो, आणि कलते भिंगही उंच वस्तूंशी काहीसे असेच वागते. म्हणून संगणकावर मास्क (कोणता भाग धूसर करायचा आणि कोणता नाही, याची आखणी) काढून, उभी वस्तू संपूर्ण वगळून मगच धूसरता द्यावी, आणि तीही साधी गॉसियन (रंग सरसकट एकमेकांत मिसळणारी) नव्हे, तर लेन्स ब्लर, ज्यात प्रकाशाचे ठिपके गोल पसरतात. रंग थोडे भडक करावेत, कारण खेळणी तशीच रंगवलेली असतात. शक्य तितके खाली पाहणारा कोन निवडावा. क्षितिज चौकटीत आले, की फसवणूक संपली.

धागाकर्ता: क्षितिज कापले आणि एका गच्चीभोवती मास्क काढला. पाण्याची काळी टाकी आता बाटलीच्या झाकणाएवढी वाटते, दोरीवरचे कपडे कागदाच्या कपट्यांसारखे. फक्त टाकीच्या कडेला काळपट वलय आले आहे.

सावली: टाकीचा काळा रंग मागच्या धूसर भागात झिरपला आहे. पार्श्वभूमीच्या थरावरून (लेयर) टाकी आधी पुसून ती जागा आजूबाजूच्या रंगाने भरावी, मग धूसरता द्यावी आणि टाकी वेगळ्या थरावरून परत ठेवावी.