७५ इंची पॅनेल की एक मोबाइल आणि कागदी कार्डं?

खडूफळा: मी उमरेड तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवते. आमच्याकडे एका कंपनीच्या सीएसआरमधून (सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) इंटरॅक्टिव्ह पॅनेल, म्हणजे बोटानं चालणारा मोठा पडदा, आलं. फीत कापली, फोटो वर गेले. पण त्या पॅनेलवर बहुतेक वेळ जे चालतं तो सिनेमा आहे, असं माझं सरळ मत आहे. पोट्टे शांत बसतात म्हणून आपल्याला वाटतं, शिकून राहिले.

मला कामाचं वाटलं ते प्लिकर्स नावाचं मोबाइल ॲप. प्रत्येक मुलाकडे एक छापील कार्ड, त्यावर काळी-पांढरी आकृती. चार बाजूंना ए, बी, सी, डी. आपलं उत्तर वर येईल असं कार्ड धरायचं. मी माझा मोबाइल वर्गावरून फिरवते आणि कोणी काय उत्तर दिलं ते एकेका नावासमोर दिसतं. मुलांकडे फोन लागत नाही. अक्षरं बारीक, आकृती प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून काही कळत नाही. (कार्डं चकचकीत लॅमिनेट करू नका, उजेड पडला की कॅमेरा वाचत नाही.)

परवा विचारलं, ०.४५ आणि ०.५ यांत मोठी संख्या कोणती? अर्ध्याहून जास्त वर्गानं ०.४५ धरलं. पंचेचाळीस पाचापेक्षा मोठे, विषय संपला! दशांश अपूर्णांकाचा व्हिडिओ याच मुलांनी आदल्या दिवशी टाळ्या वाजवत पाहिला होता. तोंडी विचारलं असतं तर नेहमीच्या तिघा-चौघांनी बरोबर सांगितलं असतं आणि मी पुढच्या उदाहरणाला लागले असते.

म्हणून म्हणते, निधी आला की आधी पॅनेल घेऊ नका. पटत नसेल तर बोला.

निवृत्त_मास्तर_काटोल: मॅडम, मग तो मोबाइल तरी कायले पायजे? पोरांना डोळे मिटायला लावा, १ ते ४ बोटं छातीजवळ धरायला सांगा. एका नजरेत वर्ग दिसते. पॅनेलबद्दल तुमचं बरोबर आहे. शाळेचं वीजबिल थकलं की त्याच्यावर चादर पडते, आणि जूनच्या शेवटी शाळा उघडते तेव्हा आत पालीनं संसार थाटलेला असते. आपल्या नागपुरातच अपूर्व विज्ञान मेळाव्यात महापालिका शाळांची पोरं साध्यासुध्या वस्तू घेऊन प्रयोग करून दाखवतात, आलेल्या-गेलेल्याला समजावून सांगतात. एकदा जाऊन बघा. त्या पोरांना कोणी ॲनिमेशन दाखवलं म्हणून ती बोलत नाहीत. हातानं केलं म्हणून बोलतात.

धंतोली_फिजिक्स: दोघांशीही असहमत. सर, तारेतून विद्युतधारा वाहताना हाताला काय दिसतं? काहीच नाही. कोलोरॅडो विद्यापीठात नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये फेट हा प्रकल्प सुरू केला. त्याची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर स्वतः करून बघायचे प्रयोग, फुकट आहेत, मराठीतही आहेत, एकदा उतरवून घेतली की नेट लागत नाही. २००५ मध्ये त्यांचा एक अभ्यास आला. काही विद्यार्थ्यांनी खरे बल्ब आणि तारा वापरल्या, काहींनी फक्त संगणकावर परिपथ जोडले. नंतर दोन्ही गटांना खरा परिपथ जोडायला दिला, तर संगणकवालेच सरस निघाले. ही सिम्युलेशन्स मी पॅनेलवरच घेतो, मुलांना पुढे बोलावून. पॅनेलवर व्हिडिओ लावून बसणाऱ्याचा दोष पॅनेलवर कशाला?

निवृत्त_मास्तर_काटोल: ती कॉलेजची पोरं होती ना जी? त्यांनी जन्मात कधीतरी टॉर्चचा सेल उलटा टाकून पाहिला असेल. आमच्या पाचवीच्या पोराला आधी तार ढिली राहिली तर बल्ब लागत नाही, हे हातानं कळू द्या. पडद्यावरची तार ढिली होतच नाही.

धंतोली_फिजिक्स: ढिल्या तारेचा मुद्दा मान्य. बाकी नाही.

पालक_मानेवाडा: शिक्षकांचं ऐकलं, आता घरचं ऐका. मुलीचा अभ्यास व्हॉट्सॲपवर, प्रोजेक्टचा व्हिडिओ यूट्यूबवर. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करायला फोन मागते, अर्ध्या तासानं बघावं तर रील्स. आमच्याच घरी असं आहे असंही नाही. असर २०२४ या शिक्षणाच्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं. मागच्या आठवड्यात फोनवर अभ्यासाचं काही केलं असं ५७ टक्क्यांनी सांगितलं, सोशल मीडिया पाहिला असं ७६ टक्क्यांनी. वर्गात काय वापरायचं ते वापरा, घरी फोन लागेल असं काही देऊ नका. खडूफळा मॅडमची कार्डं मला त्यासाठीच पटली.

रामटेक_द्विशिक्षकी: सगळे पॅनेलवर तुटून पडले, म्हणून लिहितो. आमच्या शाळेत पहिली ते चौथी, शिक्षक दोन. त्यातला एक मीटिंगला किंवा बीएलओच्या (मतदार यादीच्या) कामाला गेला की चारही वर्ग माझ्या गळ्यात. तेव्हा तिसरी-चौथीला पॅनेलवर गोष्ट लावून देतो आणि पहिलीला अक्षरं घेतो. सिनेमा म्हणा नाहीतर काही म्हणा, त्या अर्ध्या तासात पहिलीची पोरं वाचायला लागतात. प्लिकर्सनं हे होते का? सांगा.

खडूफळा: नाही होत, सर. पण तुमच्याकडे पॅनेल शिकवत नाही, रिकाम्या पदाची जागा धरून बसलंय. उद्या वर कोणी म्हणालं की पॅनेल आहे ना, शिक्षक कशाला, तर? ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०१५ च्या अहवालात हेच मांडलं होतं की ज्या देशांनी शाळांत संगणकावर भरपूर खर्च केला, त्यांच्या वाचन-गणितात म्हणावी अशी सुधारणा दिसली नाही.

रामटेक_द्विशिक्षकी: मॅडम, ओईसीडीला आमच्याकडे एक दिवस बीएलओ म्हणून पाठवा.

खडूफळा: 😄 हे मात्र खरं. काटोलचे सर, तुमच्या बोटांबद्दल राहिलंच. बोटांनी आजचं कळतं. पण एखादी पोरगी तीन आठवडे रोज दशांशातच चुकून राहिली, हे चाळीस पोरांच्या वर्गात माझ्या लक्षात राहत नाही. फोनमध्ये ते राहतं.

निवृत्त_मास्तर_काटोल: राहतं, तीच तर भीती आहे. उद्या केंद्रप्रमुख म्हणतील, ती यादी एक्सेलमध्ये पाठवा. परवा जिल्ह्यातून लिंक येईल. मग तुम्ही सोपेच प्रश्न विचारसान, म्हणजे टक्का चांगला दिसते.

खडूफळा: म्हणूनच ती यादी मी शाळेत कोणाला दाखवत नाही. मागितली तर सांगते, आमच्याकडे नेट नसतं.