अनुभव धागा: घरात गोवर पाहिलाय का कुणी?

सुमाताई_ह्यूस्टन
काल लेकीकडे जेवायला गेले होते, तिने नातवाच्या शाळेतल्या आयांचा ग्रुप दाखवला. कुणीतरी लिहिलेलं, गोवर म्हणजे काय, जरा ताप आणि पुरळ, आपल्या आज्यांना नव्हता का झाला. खाली बदामांची रांग. माझा हातातला घास हातातच राहिला.
सत्तरचं दशक, सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव, गोवराची लस आमच्यापर्यंत पोचलीच नव्हती. धाकट्या भावाला आधी नुसता ताप, नाक वाहतंय, खोकतोय, डोळे इतके लाल की उजेड सहन होईना म्हणून आईने खिडकीला गोधडी बांधली. मग कानामागून पुरळ उठलं ते तोंडावरून छातीवर उतरत गेलं. उशाशी कडुलिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद, बाहेरच्याला उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही. पुरळ मावळलं आणि सगळे हुश्श करतायत तोवर छाती भरली. न्यूमोनिया. तालुक्याला नेला म्हणून वाचला. मागच्या आळीतली त्याच्याच वयाची पोर गेली.
इथे वेस्ट टेक्सासात गेन्स काउंटीतून 2025 च्या जानेवारीत साथ सुरू झाली, ऑगस्टमध्ये संपली म्हणून जाहीर झालं तोवर राज्यात 762 जणांना झाला आणि दोन लहान मुली गेल्या. दोघींनाही लस नव्हती, आधीचं काही दुखणंही नव्हतं. ज्या देशाने 2000 साली गोवर हटवल्याचं जाहीर केलं तिथे. ज्यांनी हा आजार डोळ्यांनी पाहिलाय त्यांनी लिहा, आमच्या मुलांच्या पिढीने तो पाहिलेलाच नाही.

परळकर_शिकागो
ताई वाचून काटा आला. आमच्या चाळीत पण फोडणी बंद असायची. आई तर पापडसुद्धा भाजू द्यायची नाही.

नर्स_मनीषा
मी डॅलसजवळ मुलांच्या क्लिनिकमध्ये आहे. त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये फोन खाली ठेवायला मिळत नव्हता. ताप आणि पुरळ असेल तर आत येऊ नका, गाडीतच बसा, आम्ही बाहेर येतो, हे दिवसभर सांगायचं. कारण पेशंट खोलीतून निघून गेला तरी दोन तासांपर्यंत हवेत विषाणू राहू शकतो आणि वेटिंग रूममध्ये लस घ्यायचं वयसुद्धा न झालेली तान्ही बाळं असतात. एक बाबा मला म्हणाला माझं पोर माझा निर्णय. मी त्याला काचेतून आत बसलेली एक आई दाखवली, मांडीवर केमो चालू असलेला मुलगा, त्याला ही लस देताच येत नाही. म्हटलं त्याचा निर्णय कोण घेणार? तो काही बोलला नाही. पुढच्या आठवड्यात अपॉइंटमेंट घेतली मात्र. बाकी नंतर लिहिते, डबा भरायचाय.

ऋतुजा_एडिसन
आम्ही बाळाला घेऊन पुण्याला निघालो होतो तेव्हा डॉक्टरांनी सहा महिने पूर्ण झाल्यावर लगेच एक डोस दिला, प्रवासासाठी देतात. पण तो मोजत नाहीत हं, वर्षानंतरचे दोन परत घ्यावे लागतात. सासूबाई म्हणाल्या आमच्याकडे तर नवव्या महिन्यात देतात, मग इथे वर्षाची वाट कशाला बघतात? कुणाला माहितीये का?

नर्स_मनीषा
@ऋतुजा आईकडून आलेली प्रतिकारशक्ती बाळात काही महिने असते, ती असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही. भारतात साथीचा धोका जास्त म्हणून लवकर देतात.

वैशाली_ऑस्टिन
मी थोडं वेगळं लिहिणारे. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, आता कॉलेजच्या वयाचा. त्याचं निदान झालं तेव्हा देवळातल्या एका बाईने मला बाजूला घेऊन सांगितलं, एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेलाची लस) दिलीस ना, त्यानेच झालं. मी कित्येक रात्री झोपले नाही. ही अफवा जिथून पसरली तो वेकफिल्ड नावाच्या ब्रिटिश डॉक्टरचा 1998 चा लेख, मूठभर मुलांवरचा, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने 2010 मध्ये मागे घेतला आणि त्याच वर्षी त्याचं डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशनही गेलं. हे सगळं मला एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी शांतपणे, हाताला धरून समजावलं. म्हणून सांगते, घाबरलेल्या आईला मूर्ख म्हणू नका. तिला कुणीतरी वेळ द्यायला हवा. पण वॉशिंग्टनमध्ये बसून हीच भीती पुन्हा उकरून काढणाऱ्यांना मी माफ करू शकत नाही. माझं पोर म्हणजे कुणाच्या प्रचाराचा पुरावा नाही.

परळकर_शिकागो
वैशालीताई 🙏🙏

सुमाताई_ह्यूस्टन
वैशाली, तुझ्याशी बोलायला आवडेल गं. मेसेज करते.

आशा_मुंबई
मी गोवंडीत काम करते. 2022 च्या नोव्हेंबरात आमच्याकडे गोवरची मोठी साथ आली. करोनात लसीकरण मागे पडलेलं, त्यात आया म्हणायच्या लस दिली की ताप येतो, मग माझी रोजी बुडते, पोराला कोण बघणार. काहींना अफवांची भीती. एकेका दारात तीन-तीन वेळा जायचो. एका खोलीत तीन भावंडं एका चटईवर, तिघांच्याही अंगावर पुरळ, सगळ्यात लहानाचे ओठ सुकून फुटलेले, आई चमच्याने पाणी पाजतेय. व्हिटॅमिन ए चे डोस दिले आम्ही सगळ्यांना. अमेरिकेत पैसा आहे, दवाखाना आहे, तरी लोक नाही म्हणतात हे ऐकून खरंच जीव तुटतो.

नर्स_मनीषा
@आशा तुमच्या कामाला सलाम ताई. आमच्याकडे त्या व्हिटॅमिन ए चंही भलतंच झालं. आरोग्यमंत्री केनेडींनी व्हिटॅमिन ए असलेल्या माशाच्या तेलाचं कौतुक केलं, आणि वेस्ट टेक्सासातल्या लबकच्या मुलांच्या हॉस्पिटलात गोवरच्या काही मुलांच्या लिव्हरवर व्हिटॅमिन जास्त झाल्याची लक्षणं दिसली. ते डॉक्टरने मोजून द्यायचं औषध आहे, लसीच्या जागी नाही.

नाना_अटलांटा
कुणी म्हणेल राजकारण नको, पण ते सोडून कसं चालेल. केनेडींची नेमणूक 2025 च्या फेब्रुवारीत सिनेटमध्ये 52-48 मतांनी झाली. रिपब्लिकन सिनेटरांपैकी विरोधात एकटा मिच मॅकॉनेल. त्याला दुसऱ्या वर्षी पोलिओ झालेला, आईने जॉर्जियात वॉर्म स्प्रिंग्जला नेऊन उपचार केले. माझं त्या माणसाशी बाकी एकाही बाबतीत पटत नाही, पण त्या दिवशी मान दिला मनातून. ज्याने भोगलंय त्याला कळतं. आणि लुइझियानाचे सिनेटर कॅसिडी, स्वतः डॉक्टर, त्यांनी केनेडींच्या बाजूने मत दिलं. 2025 च्या जूनमध्ये केनेडींनी सीडीसीच्या, म्हणजे देशाच्या रोगनियंत्रण संस्थेच्या, लस सल्लागार समितीचे 17 च्या 17 सदस्य काढून टाकले. हे दुःख पक्षाचं नाही हो, मी इथे आलो तेव्हा सीडीसी म्हणजे आम्हाला अभिमान वाटायचा, आमच्या कॉलनीतली दोन माणसं तिथे होती.

परळकर_शिकागो
नाना तुम्ही गणपतीला भेटलेला का डीकेटरला? चेहरा आठवतोय.

नाना_अटलांटा
हो हो तोच मी. पुढच्या वर्षी पण या.

कविता_टोरांटो
कॅनडाचा गोवरमुक्त दर्जा 2025 च्या नोव्हेंबरात गेला. आमच्याकडे पण फार वाईट वर्ष. शेजारणीची मुलगी गरोदर, ती महिनाभर दुकानात जात नव्हती.

आबा_फ्रेमाँट
नमस्कार. आम्ही उभयता मुलाकडे असतो, ग्रीन कार्डाची मेडिकल आहे. गोवराचं सर्टिफिकेट मागतात म्हणे, आमच्याकडे लहानपणचा कागद कुठला असणार? मला दंडावर देवीचे व्रण आहेत, ते चालतात का?

ऋतुजा_एडिसन
आबा देवीचे व्रण वेगळे 😊 जन्मसाल काय तुमचं? 1957 च्या आधीचं असेल तर गोवरची लस मागत नाहीत, त्या वयाच्या सगळ्यांना होऊन गेलाय असं धरतात.

आबा_फ्रेमाँट
माझं 1954. हिचं 1959.

ऋतुजा_एडिसन
मग काकूंनाच लागेल. रक्ताची टायटर टेस्ट करून घ्या, अँटिबॉडी निघाल्या तर लस नको. नाहीतर सरळ लस, फार्मसीत पण मिळते. फक्त सही करणारा डॉक्टर इमिग्रेशनच्या यादीतला हवा, नेहमीचा फॅमिली डॉक्टर चालत नाही. आमच्या बाबांचा त्यात महिना गेला.

आबा_फ्रेमाँट
आभारी आहे बेटा. हिला सांगितलं, ती म्हणते लहानपणी झालाय मला, चांगला आठवतोय, टेस्टच करू.