कंडिशनल ऑफर आलीये, सीट पक्की समजू का?

सायली_क: एका युनिव्हर्सिटीची मास्टर्सची ऑफर आलीये पण कंडिशनल आहे, फायनल मार्कशीट आणि आयईएलटीएसचा (इंग्रजीच्या परीक्षेचा) स्कोअर द्यायचाय. जिथे खरं जायचंय तिथे वेटलिस्टवर आहे. इकडे डिपॉझिटची शेवटची तारीख तोंडावर आलीये. भरून टाकू की थांबू? काहीच सुचत नाहीये.

मुसाफिर: अट पूर्ण होईपर्यंत पक्की नाही गं. ऑफर लेटर शब्द न शब्द वाच, टक्के एकूण मागितलेत की ठरावीक विषयात, आणि आयईएलटीएसमध्ये नुसता एकूण बँड (म्हणजे स्कोअर) बघू नकोस, बऱ्याच ठिकाणी चारही भागांत कमीत कमी किती हवेत ते वेगळं लिहिलेलं असतं, म्हणजे एकूण ७ येऊनही रायटिंगमध्ये ५.५ आले आणि ६ हवे असतील तर अडकलीस. स्कोअर जुना असेल तर तारीख बघ, साधारण २ वर्षंच धरतात.

रेवा: डिपॉझिट भरायच्या आधी रिफंडचे नियम वाच प्लीज. व्हिसा नाकारला तर पैसे परत देणाऱ्या युनिव्हर्सिटी बऱ्याच आहेत, मन बदललं तर मात्र सहसा देत नाहीत. आजच अ‍ॅडमिशन ऑफिसला मेल करून मुदत वाढवून माग, त्यात काही गैर नाही. आणि वेटलिस्टवाल्यांनाही दोन ओळी लिही की सीट मिळाली तर मी नक्की येणार, निर्णय कधी कळेल? मुदत नाहीच वाढली तर माझ्या मते भर, हातातली सीट सोडू नकोस.

सायली_क: थँक्यू दोघांना, मेल लिहायला घेतलाय 🙏